अर्धा टाका

धाकटा चाळिशीला टेकला तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. ऑफिसचा जिना उतरताना फोनमध्ये डोकं घालून त्याने शेवटची पायरी गृहीत धरली आणि पाय मोडून घेतला. प्रोग्राम लिहिणं हा त्याचा धंदा, आणि नवीन येणाऱ्या मुलांना तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा की काही गृहीत धरायचं नाही. त्यामुळे दादाला हसायला आयतं कारण मिळालं. प्लास्टर उतरेपर्यंत दादा-वहिनींकडे राहायचं ठरलं, आणि खिडकीजवळच्या पलंगावर, पायाखाली दोन उशा घेऊन, धाकट्याचा मुक्काम पडला.

त्या खोलीत खरी सत्ता वहिनींची होती. त्या कोर्टात टंकलेखिका होत्या. मोठमोठे वकील भराभर बोलत सुटले तरी त्यांची बोटं कधी मागे पडली नाहीत, आणि त्यांच्या हातचा कागद खाडाखोड करून परत आला असं कधी झालं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, दिवसातून एकदा तरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओळखीच्या बायका जमवून विणकामाचं मंडळ काढलं. अपुऱ्या दिवसांची जी बाळं इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवतात, त्यांच्यासाठी हे मंडळ टोपडी विणायचं. एवढ्याशा जिवाची ऊब डोक्यातूनच निघून जाते, आणि बाजारात त्या मापाचं काही मिळत नाही.

अडचण एकच होती. बाळाचं डोकं किती, लोकर जाड की बारीक, यावरून सुईवर किती टाके घालायचे ते बदलतं, आणि हा हिशेब करायला मंडळातली प्रत्येक बाई वहिनींना फोन करायची. भाजी फोडणीला टाकली की फोन, डोळा लागला की फोन. शेवटी वैतागून वहिनींनी वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं. तिथे पीएचपी नावाची प्रोग्राम लिहायची भाषा शिकवत होते, म्हणून त्या पीएचपी शिकल्या. दुसरं काही शिकवत असते तर तेही शिकल्या असत्या. आणि त्यांनी स्वतः इंटरनेटवर एक पान तयार केलं. त्यावर दोन चौकोन होते. एकात डोक्याचा घेर लिहायचा, दुसऱ्यात एका सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते लिहायचं, आणि बटण दाबलं की खाली उत्तर येई. पानाचं नाव ‘किती टाके?’ असं होतं. फोन बंद झाले, भाजी करपायची थांबली, आणि वहिनींचा रुबाब आणखी वाढला.

धाकट्याचा मुक्काम सुरू झाला त्याच आठवड्यात इस्पितळातल्या सिस्टर घरी आल्या. त्या बाळांच्या विभागाच्या प्रमुख होत्या, बोलायला मऊ आणि कामात कडक. त्यांच्या हातात मोठी पिशवी होती, आणि त्या पिशवीत मंडळाने नुकतीच पाठवलेली सगळी टोपडी होती. सगळी सैल निघाली होती. थोडीथोडकी नाही, डोक्यावर घालावं तर गळ्यापर्यंत यावीत इतकी. वहिनी म्हणाल्या की याआधीची तर छान बसायची, या वेळी फक्त लोकर बदलली. जुनी लोकर बाळांच्या कातडीला टोचते असं विभागातूनच कळलं होतं, म्हणून बारीक आणि मऊ आणली. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं.

“काकू, टोपडं घसरून नाकावर आलं तर ते बाळ हाताने बाजूला करू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “आमचं लक्ष एक क्षण जरी दुसरीकडे गेलं तरी पुरे.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की येत्या सोमवारी नीट बसणारी टोपडी दाखवली नाहीत तर विणलेली टोपडी घेणं कायमचं बंद. निघताना सिस्टर दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या की सध्या विभागात एक मुलगी आहे, डोकं जेमतेम बावीस सेंटिमीटर. तिला बसेल असं त्यांच्याकडे काहीच नाही, पट्टीचं कापड गुंडाळून वेळ मारून नेतायत. वहिनींनी ते ऐकलं आणि पिशवी उचलून आत नेली.

मंडळात बातमी पसरायला वेळ लागला नाही. फोनवर निरोपांचा पाऊस पडला. यंत्राच्या भरवशावर राहिलं की असंच होतं, असं एकीने लिहिलं, आणि तिच्या खाली बाकीच्यांनी माना डोलावल्या. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. आपण एखाद्या बाळाच्या नाकावर टोपडं ओढलं असतं, हा विचार त्यांना सोडेना. धाकट्याने वहिनींना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होता.

त्याने पलंगावरूनच लॅपटॉप मागितला. नवशिक्याचं वीस ओळींचं पान, त्यात असून असून काय असणार? चहा गार व्हायच्या आत दुरुस्त करून देतो, असं तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. वहिनींनी लॅपटॉप छातीशी धरला.

“भाऊजी, हात लावायचा नाही. तुम्ही दुरुस्त केलंत तर ते पान तुमचं होईल. उद्या तुमचा पाय बरा झाला, तुम्ही निघून गेलात, आणि ते परत चुकलं, तर त्या बाळांनी कुणाकडे बघायचं? तुम्ही फक्त विचारा. सांगू नका.”

धाकट्याची बोटं शिवशिवायला लागली. दुसऱ्याची चूक दिसत असताना हात बांधून बसणं म्हणजे त्याच्यासाठी सत्त्वपरीक्षाच होती. पण मोडक्या पायाने माणूस जाणार कुठे? तो विचारायला लागला. पहिलाच प्रश्न त्याने बरा विचारला. पानाला शेवटचं उत्तर सोडून मधलं काही दाखवता येईल का, म्हणजे ते कुठे वाट चुकतंय ते दिसेल.

वहिनींना हे एकदम पटलं. विणताना त्या प्रत्येक ओळ संपली की टाके मोजायच्या, टोपडं पूर्ण झाल्यावर नाही. त्यांनी प्रत्येक पायरीनंतर एकेक ओळ घातली, त्या त्या वेळचा आकडा पडद्यावर दाखवणारी. टंकताना बघत राहावं असा त्यांचा हात होता. नजर पडद्यावर, पाठ ताठ, आणि अर्धविराम एकही विसरायचा नाही. धाकट्याच्या ऑफिसातली शिकलीसवरलेली मुलं दिवसभर त्या अर्धविरामांच्या मागे फिरायची.

मग त्यांनी सव्वीस सेंटिमीटरचं डोकं घातलं, आणि नव्या लोकरीचे सेंटिमीटरला दोन पॉइंट सहा टाके. बटण दाबलं. पडद्यावर आलं सव्वीस, मग आलं तीन, मग अठ्ठ्याहत्तर, आणि शेवटी ऐंशी.

“तीन कुठून आला?” धाकट्याने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

वहिनी म्हणाल्या की तीन त्यांनीच केला. वर्गात राउंड शिकवलं होतं, अपूर्णांक दिला की जवळचा पूर्ण आकडा हातात देणारं. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी प्रत्येक पायरीला लावलं. दोन पॉइंट सहाचे तीन केले, गुणाकाराला लावलं, चारच्या पटीत आणताना पुन्हा लावलं. चारची पट हवीच, कारण टोपड्याची वीण दोन सुलट, दोन उलट अशी असते, चाराचं घर मोडून चालत नाही.

“पण प्रत्येक पायरीला का लावलंत?”

“अर्धा टाका नसतोच मुळी,” वहिनी म्हणाल्या. “जन्मात कधी कुणी सुईवर अर्धा टाका घातलाय? मला ते दोन पॉइंट सहा बघवेना.”

धाकट्याने आयुष्यात हजारो चुका पाहिल्या होत्या. आळशीपणाच्या, घाईच्या, कुठून तरी उचलून चिकटवलेल्या. ही त्यातली नव्हती. जिच्या हातांना अर्धा टाका ठाऊकच नाही, तिने तो कागदावरही ठेवला नाही, इतका सरळ मामला होता. त्याला ती चूक चक्क आवडली.

वहिनींनी मना केलं होतं तरी एवढं मात्र त्याने सांगितलं. सुईवर अर्धा टाका नसतो हे खरं, पण सुईवर जाईपर्यंत तो असतो. एका सेंटिमीटरमागे थोडासाच वाढवला, पण डोकं सव्वीस सेंटिमीटरचं आहे, म्हणजे ते थोडंसं सव्वीस वेळा वाढलं. पूर्ण करायचं ते एकदाच, अगदी शेवटी. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी पुटपुटलं, आणि एकेक करून वरचे सगळे राउंड काढून टाकले. फक्त शेवटचा ठेवला. आता उत्तर अडुसष्ट आलं.

धाकट्याने लगेच अभिनंदन केलं. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. सव्वीस गुणिले दोन पॉइंट सहा, बिनचूक. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने न शिजलेला भात ताटात वाढला होता. उत्तर आलंय, टोपडं कुठे आलंय, असं म्हणून त्यांनी सुया काढल्या आणि अडुसष्ट टाके घातले.

टोपडं होईपर्यंत दादा बाहेरून आला. दादाचं हृदय मोठं आणि विणकामाचं ज्ञान शून्य. त्याला काम नेमून दिलं. जुन्या लोकरीचा गुंडा गुंडाळत न्यायचा, टेप लावून बघायचा, आणि घेर बरोबर सव्वीस झाला की थांबायचं. त्याने ते इमानेइतबारे केलं आणि वर कागदाचे डोळे आणि नाक चिकटवून दिलं. त्या गोळ्याला घरात साहेब हे नाव पडलं. साहेबांच्या डोक्यावर नवं टोपडं चढवलं. दिसायला झकास. वहिनींनी साहेबांना दोन्ही हातांत धरून, बाळ मान वळवतं तितकंच हलवलं. टोपडं हळूहळू खाली उतरलं आणि नाकावर येऊन बसलं.

धाकट्याने गणित पुन्हा केलं. गणित बरोबरच होतं. चूक दिसत असेल तर माणूस तिच्याशी झुंजतो, सगळं बरोबर असून काम होत नाही तेव्हा काय करायचं?

वहिनी मात्र टोपडं बोटांवर ताणून बघत होत्या. ताणत होत्या, सोडत होत्या. मग म्हणाल्या की हे डोक्याएवढंच झालंय. टोपडं डोक्याएवढं नसतंच करायचं, दहावा भाग कमी करायचा, मग वीण ताणली जाते आणि धरून राहते. हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. इतकं माहीत होतं की पानाला सांगायचंच राहून गेलं.

“मग जुन्या लोकरीची कशी काय बसत होती?” धाकट्याने विचारलं, आणि या वेळी त्याला खरंच माहीत नव्हतं.

जुनी लोकर सेंटिमीटरला दोन पॉइंट दोन टाक्यांची. धाकट्याने कागद ओढला, आकडे मांडले, आणि तो एकटाच हसायला लागला. पानाने दोन पॉइंट दोनचे दोन केले होते. म्हणजे जवळजवळ दहावा भाग आपोआप कमी. वहिनींची चूक इतके दिवस गुपचूप वहिनींचंच काम करत होती. नवी लोकर आली, आकडा वरच्या बाजूला गेला, आणि चुकीने साथ सोडली. त्याने हे समजावून सांगितलं तेव्हा वहिनीही हसल्या, सिस्टर येऊन गेल्यापासून पहिल्यांदा. मग डोळे पुसून म्हणाल्या की नशिबावर टोपडी विणायची नाहीत, आणि पुन्हा टंकायला बसल्या.

आता गुणाकाराला दहावा भाग कमी करणारा आकडा जोडला. शेवटचा राउंडही त्यांनी काढला. जवळचा आकडा नको, नेहमी खालचाच हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. वीण ताणली तर वाढते, पण सैल असली तर स्वतःहून आवळत नाही. वर्गात फ्लोअर नावाचं काहीतरी शिकवलं होतं, ते खालच्याच आकड्याला येतं, हे त्यांना आठवलं. चारने भागून फ्लोअर लावायचा आणि परत चारने गुणायचं. धाकटा बघत होता. त्याला त्यात एक अक्षरही बदलावंसं वाटलं नाही.

वहिनींनी या वेळी सरळ बावीस घातलं. उत्तर आलं एक्कावन्न पॉइंट चार आठ.

खालच्या आकड्याला आणायची ओळ तर समोर होती. पान तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. वहिनींनी ती पुसून पुन्हा लिहिली. तेच उत्तर. धाकट्याला कारण दिसलं आणि त्याने जीभ दाताखाली धरली. अक्षरशः धरली, कारण वहिनींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं होतं.

मग त्यांनी कोर्टातली रीत काढली. तिथे महत्त्वाचा कागद झाला की एकाने मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. डोळा सवयीने चूक गिळतो, कान गिळत नाही, असं त्या म्हणाल्या आणि दादाला वाचायला बसवलं. दादाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आवाज खणखणीत. नावापुढे दिसणाऱ्या प्रत्येक चिन्हाला तो डॉलर म्हणत होता, आणि घरात एवढे डॉलर प्रथमच आले असंही त्याने म्हणून घेतलं.

“डॉलर डोकं बरोबर,” दादा वाचत गेला, “अमुक तमुक, अर्धविराम. डॉलर वीण बरोबर, अमुक तमुक, अर्धविराम. डॉलर टाके बरोबर, डॉलर डोकं गुणिले डॉलर वीण गुणिले शून्य पॉइंट नऊ, अर्धविराम. फ्लोअर, कंस, डॉलर टाके भागिले चार, कंस पुरा, गुणिले चार, अर्धविराम.”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. “बाकी सगळ्या ओळी कुणाच्या तरी नावाने सुरू झाल्या. ही कुणाच्याच नावाने सुरू झाली नाही.” मग त्यांनी डोळे उघडले. “अहो, त्याने हिशेब केला. पण उत्तर ठेवलं कुठे? मी त्याला ठेवायला जागाच दिली नाही.”

त्यांनी त्या ओळीच्या सुरुवातीला ‘डॉलर टाके बरोबर’ एवढं लिहिलं. बटण दाबलं. अठ्ठेचाळीस.

धाकट्याने पलंगावरून टाळ्या वाजवल्या. त्याच्या नोकरीत या एका चुकीसाठी त्याने माणसांना लॅपटॉप आपटताना पाहिलं होतं. इथे एका बाईने डोळे मिटून, नुसत्या वाचण्याच्या चालीवरून, ती पकडली होती. त्याला वाटलं की आपण इतकी वर्षं हा धंदा करतो, पण आपल्या धंद्याचा असा मान कुणी राखलेला आपण पाहिला नाही. आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. वहिनी लाजल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे.” आणि अठ्ठेचाळीस टाके घालायला घेतले.

साहेबांची लोकर बावीस घेरापर्यंत उलगडली गेली. साहेब चांगलेच रोडावले. टोपडं चढवून वहिनींनी हलवलं, दादाने हलवलं, धाकट्याने उलटं धरून हलवलं. टोपडं जागचं हललं नाही. सोमवारपर्यंत मंडळातल्या सगळ्या बायका त्या पानावरून नव्या मापाने विणत होत्या. यंत्राला नावं ठेवणारी बाई सगळ्यांत पुढे होती. सोमवारी वहिनी एकट्याच इस्पितळात गेल्या. सिस्टरनी बावीस घेराचं टोपडं आत नेलं, आणि काचेपलीकडून वहिनींनी पाहिलं की मुलीने मान या कुशीवरून त्या कुशीवर वळवली आणि टोपडं कपाळावर होतं तिथेच राहिलं. डॉक्टरांनी बाकीची ठेवून घेतली. घरी येऊन वहिनींनी हे तीनदा सांगितलं आणि दादा तिन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखा ऐकत राहिला.

धाकट्याचं प्लास्टर उतरलं त्या दुपारी सिस्टरचा फोन आला. नाव पाहूनच वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी फोन कानाला लावला आणि त्या उभ्याच राहिल्या. धाकटा काठी टेकत जवळ गेला. वहिनींनी फोनवर हात ठेवून हळूच सांगितलं की बावीसचं टोपडं घट्ट होतंय, कपाळावर वण उठतायत.

“पान चुकलं?” धाकट्याने विचारलं.

वहिनी उत्तर न देता पुन्हा ऐकायला लागल्या. मग म्हणाल्या, बरं, बरं, सांगा. त्यांनी दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला आणि एकाच हाताने टंकायला लागल्या. सिस्टरनी आज मुलीचं डोकं पुन्हा मोजलं होतं. साडेबावीस आलं होतं. वहिनींनी चौकोनात बावीस लिहिलं, मग पॉइंट लिहिला, मग पाच लिहिला. बटण दाबलं. बावन्न.

पान चुकलं नव्हतं. वहिनींनी आकड्याकडे पाहिलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. फोन चालूच होता, पलीकडून सिस्टर विचारत होत्या की काकू, ऐकताय ना.

“ऐकतेय,” वहिनी म्हणाल्या. “नवीन आजच पाठवते. चार टाक्यांनी वाढली हो पोरगी.”